बी आपलं, राब त्यांचा

पहिल्यांदा तळहात खाजले, मग तळपाय. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, काही चावल्याची खूण नाही. वर काही दिसतच नव्हतं, म्हणून कोणाला सांगताही येईना. दिसत नाही असं दुखणं बाईमाणसाने सांगितलं की लोक आधी तिच्या तोंडाकडे बघतात. त्यातून मी कमी बोलणारी. शेजारी मीठ मागायला जायचं तरी उंबऱ्यापर्यंत जाऊन मागे फिरणारी.

खाज कातडीच्या आतली होती. नखांना ती सापडायची नाही. मी कंगवा घेतला, नारळाची शेंडी घेतली, भिंतीच्या कोपऱ्याला पाय घासले. रक्त यायचं, खाज तशीच राहायची. दिवस कलला की वाढायची. भाकरी थापताना पिठाचा हात मधेच परातीच्या काठाला घासायची मला सवय लागली होती.

पोलादपूरवरून कुडपणला जाणाऱ्या वाटेवर आमची वाडी आहे. वाडीतल्या बायका म्हणाल्या, सवला जा. महाडजवळ सव गावात गरम पाण्याची कुंडं आहेत. खरूज, नायटा तिथे बसल्यावर जातो असं सगळे सांगतात, आणि कित्येकांचा गेलाही असेल. आम्ही गेलो. मी लुगड्यासकट गळ्यापर्यंत पाण्यात बसले. बाहेर आले आणि सगळं अंग पेटलं. आमच्या ह्यांना वाटलं, रोग बाहेर पडतोय, म्हणून पुढच्या आठवड्यात परत घेऊन गेले. मीही गेले.

गरम पाण्याने ही खाज चेतते हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ज्या कोणा बाईला वर काही न दिसता अशी आतून खाज येत असेल, तिने गार पाण्याची घडी ठेवावी आणि आधी रक्त तपासून घ्यावं. मला वर्षभर कोणी हे सांगितलं नाही.

दारूचा आजार

महाडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरबाई होत्या. त्यांनी सगळे कागद बघून सांगितलं, लिव्हरचा आजार आहे. मग विचारलं, दारू घेता का.

मी मान वर केली नाही. आमच्या बाजूला लिव्हर म्हटलं की दारू, दुसरं काही नाही. वाडीत ज्यांचं लिव्हर गेलं ते सगळे पिऊन गेले. हे म्हणाले, "ताडीचा वास आला तरी ती वाट बदलते." डॉक्टरबाई म्हणाल्या, मी हे सगळ्यांना विचारते, वाईट वाटून घेऊ नका.

मग त्यांनी समजावलं. लिव्हरमध्ये पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. माझ्या शरीराने त्याच नळ्यांना परकं समजून खायला घेतलं होतं. पित्ताला वाट राहिली नाही की त्याच्यातलं बरंच काही रक्तात साठतं, आणि खाज त्याचीच. असं का होतं हे नक्की कोणाला माहीत नाही, आणि ह्यात माझी काही चूक नाही. गोळ्यांनी कोणाकोणाच्या नळ्या वर्षानुवर्षं टिकतात. माझ्या किती टिकतील ते बघू, म्हणाल्या.

चूक नाही हे शब्द मी घरापर्यंत जपून आणले. पण वाडीत आमच्या आधी लिव्हर हा शब्द पोचला होता. नळावर एक बाई दुसरीला म्हणाली, दिसते तर गरीब. ह्यांना देवळाच्या कट्ट्यावर कोणीतरी विचारलं, काय रे, आता दोघं मिळून बसता काय? हे त्यांच्याबरोबर हसले, घरी आले आणि जेवले नाहीत.

वॉर्ड

गोळ्या मला नीटशा लागू पडल्या नाहीत. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरायला लागलं. मग महाडच्या दाऊदचाचांच्या गाडीतून दर थोड्या दिवसांनी मुंबई. गाडीत चाचा कधी विचारायचे नाहीत, आजार कसला. मी मागच्या सीटवर पाय घासत बसायची आणि ते पुढे ह्यांच्याशी भाताच्या भावाबद्दल बोलायचे. त्या वेळी कोणी न विचारणं हीच मोठी मेहेरबानी वाटायची.

वॉर्डात सकाळी वजन, मग रक्त, मग डॉक्टरांची फेरी. पोटातलं पाणी सुई घालून काढायचे. ते पिवळं पाणी बाटलीत उतरताना मी दुसरीकडे बघायची. बायका आपापल्या आजाराबद्दल मोकळं बोलायच्या, मी नुसती ऐकायची. तिथे एक आयाबाई होत्या, चेहऱ्याने खाष्ट. माझे हात चादरीवर घासलेले बघून त्यांनी एकदा न बोलता फडक्यात बर्फ बांधून आणला आणि माझ्या मुठीत दिला. नंतर रोज आणायच्या. मी "बरं वाटतं" एवढंच म्हणायची.

डॉक्टरबाईंनी तेव्हाच सांगितलं की पुढे मागे दुसरं लिव्हर लागेल. घरातलं कोणी आपल्या लिव्हरचा तुकडा देऊ शकतं. ह्यांचा रक्तगट जुळला नाही. एकच मुलगी, तिच्या अंगावर पितं मूल. राहिली माझी धाकटी बहीण.

मंजुळा, आम्ही मंजी म्हणतो, पाचाडला दिलेली आहे. रायगडाच्या पायथ्याशी त्यांची लहानशी खानावळ आहे. गडावर जाणाऱ्यांना भाकरी, पिठलं, ठेचा. चूल मंजीच्याच हातात. ती माझ्या अगदी उलट, गिऱ्हाइकाशी भांडून त्याला दोन भाकऱ्या जास्त खायला लावेल अशी. तिने एका शब्दात हो म्हटलं. घरात तिची सासू पेटली. घरची चूल बंद करून बहिणीला पोट कापून देतेस काय, म्हणाली. मंजी तिच्याशी भांडली, नवऱ्याशी भांडली, मुंबईला आली, सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, जुळतं. ती परत गेली ते तयारीला लागायला.

आणि त्याच फेरीत लॅबच्या मॅडम आल्या.

बी आपलं

वयाने माझ्या मुलीएवढ्या. खुर्ची ओढून माझ्या खाटेजवळ बसल्या आणि सावकाश सांगितलं. माझं थोडं रक्त घेणार. त्यातल्या पेशींना असं काही करणार की त्या परत कोवळ्या होतील, गर्भात असतात तशा. अशा कोवळ्या पेशीपासून शरीरातलं काहीही घडवता येतं. मग त्यांना खाऊपिऊ घालून पित्ताच्या नळीच्या पेशी बनवायच्या. "तुमच्याच रक्तातून तुमच्या नळीच्या पेशी वाढवणार, काकू," असं म्हणाल्या.

पुढे त्या हेही म्हणाल्या की ह्यात तुम्हाला फायदा होईल असं धरू नका. हे संशोधन आहे, वाढतील की नाही तेही सांगता येत नाही. कागद वाचून दाखवला, त्यातही तेच होतं. काही विचारायचं आहे का, म्हणाल्या. मी मान हलवली, नाही म्हणून. सही केली.

त्या गेल्यावर हे माझ्याजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे बी आपलं, राब त्यांचा."

ह्याचा अर्थ आमच्या बाजूच्या माणसाला सांगावा लागणार नाही, पण दुसऱ्या कोणी वाचलं तर सांगते. भाताचं बी आधी एका लहान तुकड्यात दाट पेरतात. ती जमीन पालापाचोळा घालून भाजलेली असते, तिला राब म्हणतात. रोप वीतभर झालं की उपटून शेतात लावायचं. ज्याच्याकडे राबाला जागा नसते तो आपलं बी दुसऱ्याला देतो. राब त्याचा, मेहनत त्याची, पण रोप बीवाल्याचं. लावणीला ते त्याच्याच शेतात परत येतं. ह्यात विचारायचं काही नसतं.

आणि दुसऱ्याचं रोप वाढवणारा माणूस आमच्याकडे कधी चांगलं बोलत नाही. "काय येईल ते येईल, माझ्यावर भरवसा ठेवू नका," असंच म्हणतो. चांगलं बोललं की दृष्ट लागते. बीवालासुद्धा कोणापाशी त्याची गोष्ट काढत नाही. रोप हिरवंगार दिसलं तरी दोघं तोंड मिटून असतात. तेव्हा मॅडम म्हणाल्या फायदा धरू नका, ते आम्हाला चांगल्या चालीचं बोलणं वाटलं. हे म्हणाले, शहरात राहून पोरीला रीत कळते.

होळीचे दिवस होते. वाडीला आमचा राब भाजायचा होता.

नको म्हणून सांगितलं

आपल्याच नळ्या परत येणार तर मंजीच्या पोटावर सुरी कशाला? हे माझ्या मनात आधी आलं, ह्यांच्या मनात नंतर. मला खरंच हलकं वाटलं. तिने हो म्हटल्यापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. तिची सासू बोलली ते मला खोटं वाटत नव्हतं.

ह्यांनी मंजीला फोन करून सांगितलं, तुझं आता नको. का ते सांगितलं नाही, दृष्टीच्या भीतीने. डॉक्टरबाईंनाही एवढंच सांगितलं की बहिणीचं सध्या थांबवतो. त्यांना वाटलं असेल, घरातून विरोध झाला. असं पुष्कळदा होतं म्हणतात. तरी त्या म्हणाल्या, फार थांबू नका. ह्यांनी हो हो केलं.

मंजीने काही विचारलं नाही. तिने फोन करणंच सोडलं. दिवाळीला, राखीला, कधीही न चुकणारी माझी बहीण गप्प झाली. मुलीकडून कानावर आलं, मंजी म्हणते माझं तायला चालत नाय, कोणाचं चालतं ते बघते. मला फोन उचलून सांगावंसं वाटायचं. पण रोपाची गोष्ट काढायची नव्हती, आणि त्याच्याशिवाय सांगायला दुसरं काही नव्हतं.

पाऊस गेला तोवर माझे पाय केळीच्या बुंध्यासारखे सुजले होते. भरल्या पोटाने वाकता येत नव्हतं. कधी कधी मी बोलताना मधेच विसरायची, समोर कोण बसलंय ते. हे रोज विचारायचे, मॅडमचा फोन आला नाय ना? आम्ही आपणहून केला नाही. राब बघायला सारखं सारखं जात नाहीत.

भातकापणीत मी खळ्याच्या कडेला बसले होते. घशाशी काहीतरी गरम आलं आणि ओंजळ भरून रक्त पडलं. नंतर परत. ह्यांनी विळा तिथेच टाकला. दाऊदचाचांनी महाडपर्यंत गाडी कुठे थांबवली नाही. महाडला सुई दिली, तिथून मुंबई. वाटेत ह्यांनी माझा हात धरला होता. लग्नानंतर इतक्या वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा.

मग लावणार कधी

रक्त थांबलं. चार दिवसांनी मला वॉर्डात आणलं तेव्हा लॅबच्या मॅडम आल्या. माझं नाव त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. माझी तब्येत बघून त्या जरा थबकल्या, पण त्यांच्या तोंडावर आनंद होता, तो लपत नव्हता.

"काकू, तुमच्या पेशी आल्या. खूप छान वाढल्यात. नळीसारख्या, आत पोकळ होतायत."

ह्यांनी हात जोडले. मला बोलायला ताकद नव्हती, पण मी उठून बसले. त्या दिवसापर्यंत मी हॉस्पिटलात कोणाला आपणहून काही विचारलं नव्हतं.

"मग लावणार कधी?"

"काय लावणार?"

"नळ्या. माझ्यात."

 मॅडम खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "काकू, त्या तुमच्यात लावायच्या नाहीत. त्या बशीत राहणार. तुमचा आजार नळीत कसा चालतो ते आम्ही बघणार, औषधं त्यांच्यावर करून बघणार. माणसाच्या लिव्हरमध्ये त्या लावायची विद्या अजून तयार नाही. मी तेव्हा सांगितलं होतं ना?"

"सांगितलंत," मी म्हटलं. "आमच्यात तसंच सांगतात."

त्यांना कळलं नाही. ह्यांनी खाली बघत राबाची गोष्ट सांगितली. दृष्टीची पण सांगितली. मॅडम ऐकत गेल्या आणि त्यांचा रंग उतरत गेला. "म्हणून तुम्ही बहिणीला नको म्हणालात?" एवढंच त्यांनी विचारलं. मग डॉक्टरबाईंना बोलवायला स्वतः धावत गेल्या.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, मेलेल्या माणसाचं लिव्हर मिळायच्या यादीत तुमचं नाव आहे, पण त्याची वाट बघायला तुमच्याकडे वेळ थोडा आहे. बहीण अजून तयार असेल तर आजच विचारा.

फोन

हे म्हणाले, मी पाचाडला जातो, तिचे पाय धरतो.

मी म्हटलं, "नको. नको म्हणून तुम्ही सांगितलंत. आता मागायचं मी."

फोन मीच लावला. पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"बोल गो ताय. कोण मेलं?"

"कोण नाय. मीच जायला आलेय."

थापणं थांबलं. मी सगळं सांगितलं. रक्त, मॅडम, राब, दृष्ट. मधे दम लागला तेव्हा तिने थांबून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझ्यापरास ते बशीतलं बरं वाटलं तुला."

"तुझ्या पोटावर सुरी नको वाटली."

"पोट माझं. तू कोण ठरवणार? इतके महिने म्हातारी मला ऐकवतेय, बघ, तुझ्या बहिणीनेच तुला लाथाडली. एकदा भांडून झालं माझं ह्या घरात. आता परत मी नाय भांडणार." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी येईन. पण म्हातारीला तू सांग. तुझ्या तोंडाने. ही बघ, इथेच बसलीय."

आणि मला तयार व्हायला वेळ न देता तिने फोन सासूच्या हातात दिला.

त्या बाईशी मी मंजीच्या लग्नानंतर चार वाक्यं बोलले नसेन. तिने विचारलं, कोण, मी सांगितलं. काय पाहिजे, मी तेही सांगितलं. ती म्हणाली, "तुझा नवरा तेव्हा बोलला होता, काय होत नाय, चार दिवसांत परत भाकऱ्या थापायला बसेल. खरं काय ते?"

हे शेजारीच उभे होते. मान हलवून मला सांगत होते, हो म्हण, हो म्हण.

"मावशी, तसं मी नाय सांगणार," मी म्हटलं. "पोटावर मोठा वण राहील, ह्या बरगडीपासून त्या बरगडीपर्यंत. बरेच महिने हंडा उचलता नाय येणार, चुलीपुढे वाकता नाय येणार. लिव्हर परत वाढतं म्हणतात. देणारी माणसं बहुतेक बरी होतात, पण कोण कोण नाय होत. डॉक्टर तेही सांगतात."

"आणि तिने नाय दिलं तर?"

"तर मी जाईन."

 चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "एवढं बोलता येतं तुला. मग आजपर्यंत मुकी होतीस काय?"

आणि फोन ठेवला.

मंजी

त्या दिवशी परत फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे जिन्यापर्यंत जायचे, परत यायचे. मला एकदोनदा म्हणाले, नुसतं हो म्हणाली असतीस तर?  मला वाटत होतं, मी स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं. पण परत विचारलं असतं तरी तेच सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात रखवालदाराशी कोणीतरी वाद घालत होतं. आवाज मी ओळखला. मंजीने नाचणीचं पीठ आणलं होतं, आणि ते आत न्यायचं नाही म्हटल्यावर ती त्याला विचारत होती, तुझ्या आईने तुला काय खायला घालून वाढवला.

आत येऊन तिने मला बघितलं आणि तिचं तोंड बंद झालं. एवढं वाईट मी दिसत असेन हे तेव्हा मला कळलं. मग म्हणाली, "म्हातारी म्हणाली, चूल मी बघते. तू जा. पण नीट ये."

तिच्या तपासण्या परत झाल्या. ते दिवस सगळ्यात वाईट होते. मधल्या काळात तिचं वजन वाढलं होतं आणि लिव्हरवर चरबी तर नाही ना, ह्याची डॉक्टरांना शंका होती. ती म्हणाली, दुसऱ्याला भाकऱ्या वाढायच्या तर आपण खाऊन बघावं लागतं. सगळे हसले. मी तिच्या रिपोर्टाची वाट बघत देवाला काय मागायचं तेच विसरले होते. चरबी थोडी निघाली, चालण्यासारखी.

ऑपरेशनला तिला आधी नेलं. स्ट्रेचरवर पडूनच माझ्याकडे वळून म्हणाली, "ताय, लिव्हर माझं म्हणजे आता तू पण बडबडी होणार. भावोजींना सांगून ठेव."

दार मिटलं. मी तिच्यामागून जाईपर्यंतचा वेळ माझ्या आठवणीत नाही, आणि मला तो आठवायचाही नाही.

नंतर

जाग आली तेव्हा घशात नळी होती, नाकात नळी, पोटाला नळ्या. दुखत होतं सगळीकडे. तरी काहीतरी वेगळं होतं, आणि काय ते मला बऱ्याच वेळाने कळलं. तळहात गप्प होते.

मंजीला मात्र ताप भरला. आत कुठेतरी पित्त झिरपत होतं. परत एक नळी घातली. मला तिच्याकडे जाऊ द्यायचे नाहीत. मी आयाबाईंना विचारायची, नर्सला विचारायची, सफाईच्या बाईला विचारायची, मंजुळा कशी आहे. एक नर्स म्हणाली, अहो आत्ताच तर विचारलंत. मी म्हटलं, मघाचं मघा, आत्ताचं आत्ता. ह्या तापात तिचं काही झालं असतं तर माझ्यातला तिचा तुकडा घेऊन मी कशी जगले असते, मला माहीत नाही. आठवड्याने ताप उतरला. तिने पहिलं काय केलं तर हॉस्पिटलच्या भाजीला नावं ठेवली. मला कोणीतरी येऊन हे सांगितलं आणि मी रडले.

लोक पैशाचं विचारतात. सरकारी योजना, एक ट्रस्ट, वाडीतली माणसं, ह्या सगळ्यांनी मिळून झालं. ज्यांनी कट्ट्यावर टोमणा मारला होता त्यांनीही दिले. तेव्हापासून ते ह्यांच्याकडे नीट बघत नाहीत. आम्ही त्यांना घरी जेवायला बोलावलं, पण अजून आलेले नाहीत.

मंजीला घरी सोडलं त्या दिवशी तिची सासू स्वतः न्यायला आली. पाचाडहून एवढ्या लांब ती कधी आली नव्हती. माझ्याशी बोलली नाही. आधी पडदा ओढला, मंजीचा पदर बाजूला केला आणि वण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट बघितला. बोटाने हवेत मोजल्यासारखं केलं. मग माझ्याकडे वळली.

"सांगितलंस तेवढाच हाय," म्हणाली. आणि सुनेच्या पाठीला हात लावून तिला सावकाश उभी केली.

बशीतल्या

मला तपासणीला अजून जावं लागतं. गोळ्या जन्मभर आहेत. हात धुऊन धुऊन कोरडे पडलेत. तरी नाचणी मी परत पेरली आहे.

मागच्या खेपेला लॅबच्या मॅडम बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसल्या. आमच्या घोटाळ्यानंतर त्या प्रत्येक पेशंटला आधी विचारतात म्हणे, तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. माझ्या पेशी अजून आहेत. पुढेही ठेवायच्या का, ते त्यांना मला परत विचारायचं होतं. मी नको म्हटलं तर त्या टाकून देतील.

ह्या वेळी मी विचारलं. कोणाला उपयोग होईल? माझ्यासारखा आजार असलेल्यांना, कदाचित, पण कधी ते सांगता येत नाही. माझ्या मुलीला हा आजार झाला तर? झालाच तर तोपर्यंत काही हाती लागलेलं असेल अशी आशा आहे, पण वचन नाही. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. पेजेवर बुडबुडे येतात तशा गोल कडा, आत पोकळ. माझ्या लिव्हरमधल्या सगळ्या नळ्या लिव्हरबरोबर काढून टाकल्या. माझं म्हणावं असं तेवढंच उरलंय.

मी बराच वेळ बघत राहिले. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं, जरी मला माहीत होतं की शिकलेलं माणूस हसेल.

"औषध घालता तेव्हा त्यांना दुखतं का?"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही काकू. दुखणं कळायला लागतं ते काहीच त्यांच्यात नाही."

"मग घाला," मी म्हटलं.